नागकेशर कुठलं, नागचाफा कुठला?

प्रश्न कोल्हापुरातल्याच एका ताईंचा आहे. त्यांनी रोपवाटिकेतून 'नागचाफा' म्हणून एक रोप आणून दारात लावलं, आणि आता ते पांढऱ्या फुलांनी भरलंय. यंदा वर्षाची चटणी, म्हणजे आपला तिखट मसाला, करायला घेतली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मसाल्यातलं नागकेशर नागचाफ्याचंच असतं. मग दारातली फुलं वाळवून घातली तर चालतील का, असं त्या विचारतात. शिवाय एका पुडीवर 'नागकेशर' आणि दुसरीवर 'नागकेसर' लिहिलेलं असतं, त्यातलं बरोबर कुठलं?

आधी तातडीचं सांगतो: ती फुलं डंकावर कांडायला नेऊ नका. तुमच्या दारातलं झाड म्हणजे प्लुमेरिया पुडिका. आपल्या देवळाशेजारच्या पांढऱ्या चाफ्याचंच हे भावंड, मूळ मुलूख पनामा, कोलंबिया, व्हेनेझुएला. पान तोडलं की पांढरा चीक गळतो आणि तो कातडीला त्रास देतो. पान टोकाशी रुंद होऊन फणा काढल्यासारखं दिसतं, म्हणून रोपवाटिकावाल्यांनी त्याला 'नागचाफा' म्हणायला सुरुवात केली. नाव खपलं, कारण ते ओळखीचं होतं. पण ते आधीच दुसऱ्या एका झाडाचं होतं. सासूबाई सांगतात तो नागचाफा हाच दुसरा, आणि नावापुरतं तरी त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे.

त्या झाडाचं शास्त्रीय नाव मेसुआ फेरिया, लिनिअसने १७५३ साली दिलेलं. 'मेसुआ' हे बगदादच्या दरबारातल्या एका वैद्याच्या नावावरून आलं. नवव्या शतकातल्या या योहान्ना इब्न मासवैहला युरोपात मेसुए म्हणत. 'फेरिया' म्हणजे लोखंडी. लाकूड इतकं घट्ट की पाण्याच्या तोडीचं, कधी त्याहूनही जास्त वजन भरतं. रेल्वेच्या रुळांखाली ते स्लीपर म्हणून वापरलं गेलंय. श्रीलंकेत याला 'ना' म्हणतात आणि तो तिथला राष्ट्रीय वृक्ष आहे. आसामात हाच 'नाहर'. आणि कोल्हापूरला सगळ्यात जवळची साक्ष हवी असेल तर कर्नाटकात विचारा. तिथे 'नागसंपिगे' म्हणतात, आणि संपिगे म्हणजे चाफा.

झाड सदाहरित वर्षावनातलं. वाढ अतिशय संथ, पण जागा मनासारखी मिळाली की तीस मीटरपर्यंत जातं. पानं समोरासमोर, अरुंद, लांबट, टोक निमुळतं. सतत पावसाच्या रानात पानावरचं पाणी लवकर निथळायला असं टोक बरं पडतं. वरून पान गडद हिरवं नि चकचकीत असतं, पण उलटं केलं की खालची बाजू मेणचट पांढुरकी. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नवी पालवी येते ती लालभडक आणि लोंबती. वर्षावनातल्या बऱ्याच झाडांची ही रीत असते: कोवळ्या पानात हरितद्रव्य उशिरा भरायचं, म्हणजे किड्यांनी पान खाल्लं तरी झाडाचं नुकसान कमी. लांबून बघणाऱ्याला मात्र झाड फुललंय असंच वाटतं.

खरं फूल वेगळंच. चार पांढऱ्या पाकळ्या, मंद गोड वास, आणि मधोमध सोनेरी-पिवळ्या तंतूंचा भरगच्च झुबका. हे तंतू म्हणजे पुंकेसर, आणि एका फुलात ते शेकड्यांनी असतात. फूल सरल्यावर निदलं (पाकळ्यांखालची बाहेरची दलं) गळत नाहीत, ती लाकडासारखी कडक होऊन फळाला खालून धरून राहतात. फळ टोकदार, आत एक ते चार तपकिरी बिया. त्यांचं तेल पूर्वी दिव्यात जाळत.

आता शब्दाकडे येऊ, कारण नावाची सगळी किल्ली त्या झुबक्यात आहे. संस्कृतात 'केसर' म्हणजे केस, आयाळ, आणि फुलातले तंतू. आयाळ असलेला तो केसरी, म्हणजे सिंह. कोल्हापूरकरांना हा शब्द वेगळा शिकवायची गरज नाही. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंद केसरी झाले, तेव्हापासून तो इथल्या तालमींच्या तोंडी आहे. पैलवानाच्या किताबातला आणि मसाल्याच्या पुडीतला केसर एकच, एकदा आयाळीच्या अर्थाने आणि एकदा तंतूंच्या. शाळेच्या पुस्तकातले 'पुंकेसर' आणि 'स्त्रीकेसर'ही याच घरातले.

गंमत अशी की ज्याला आपण नुसतं 'केशर' म्हणतो, ते काश्मिरी केशर पुंकेसर नव्हेच. क्रोकसच्या, म्हणजे केशराच्या झाडाच्या, फुलात स्त्रीकेसराच्या टोकाला तीन लाल कुक्षी असतात, त्या खुडून वाळवल्या की आपलं केशर. नागकेशर मात्र अस्सल पुंकेसर. तेव्हा नागकेशर म्हणजे 'हलक्या दर्जाचं केशर' अशी जी समजूत सर्रास ऐकू येते, ती सोडून द्या. दोन्हींचा संबंध फक्त तंतू या अर्थापुरता.

स की श? संस्कृतात दोन्ही रूपं चालतात. मराठीने मात्र न ठरवता एक वाटणी करून टाकलीय आणि मला ती फार आवडते. खाण्याचं नि रंगाचं असेल तिथे श: केशर, केशरी भात, केशरी रेशनकार्ड. सिंहाचं नि वनस्पतिशास्त्राचं असेल तिथे स: केसरी, पुंकेसर. 'केसर आंबा' या वाटणीत बसत नाही, कारण तो गुजरातेतून आपलं नाव घेऊनच आला. या हिशेबाने स्वयंपाकघरात 'नागकेशर' लिहावं आणि ते नपुंसकलिंगी चालवावं: नागकेशर भाजलं, नागकेशर घातलं. 'नागकेसर' चूक नाही. आयुर्वेदाच्या पुस्तकांत तेच सापडेल. दालचिनी, वेलची, तमालपत्र या त्रिजातात नागकेसर मिळवलं की चातुर्जात होतं, तिथे ते संस्कृत रूपातच शोभतं.

राहिला 'नाग'. फुलात फणा दिसतो म्हणून नाग, हे उत्तर तुम्हाला दहापैकी नऊ जण देतील. मला ते पटत नाही. फणा खरोखर दिसतो तो कैलासपतीच्या फुलात. तेच ते, खोडावरच फुलणारं आणि तोफगोळ्याएवढी फळं धरणारं. त्याच्या पुंकेसरांची पट्टी वळून छत्रासारखी वर येते, खाली पिंडीसारखा भाग, म्हणून लोक त्याला नागलिंगही म्हणतात. पण कैलासपती दक्षिण अमेरिकेतला, आणि दारातला प्लुमेरियाही तिकडचाच. दोघेही आपल्याकडे येण्याच्या कित्येक शतकं आधी 'नागकेसर' शब्द इथे होता. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ओळच आहे: 'चाम्पेयः केसरो नागकेसरः काञ्चनाह्वयः'. फण्याची कथा नंतरच्या झाडांवरून मागे नेऊन चिकटवलेली आहे, असं माझं मत. 'पुन्नाग' या जुन्या वृक्षनामातही नाग आहेच, आणि संस्कृतात नाग म्हणजे सापच असं नाही, हत्तीही होतो.

अमरकोशाच्या त्या ओळीत आणखी एक गोष्ट दडलीय. नागकेसराला तिथे 'चाम्पेय' म्हटलंय आणि सोनचाफ्यालाही तेच नाव दिलंय. 'केसर' तर बकुळीचंही नाव. म्हणजे घोळ आजच्या रोपवाटिकांनी सुरू केला असं म्हणायची सोय नाही. मराठीत 'चाफा' हे कुळाचं नाव कधी नव्हतंच. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, पांढरा चाफा कण्हेरीच्या, हिरवा चाफा सीताफळाच्या, भुईचाफा हळदी-आल्याच्या, आणि नागचाफा उंडी-सुरंगीच्या. वास सुंदर आला की आपण चाफा म्हणून मोकळे.

सुरंगीचं नाव निघालंच आहे, तर आता पुडी उघडू. इथे सासूबाईंचं म्हणणं जरा अडचणीत येतं. नाव नागचाफ्याचं, पण पुडीतला माल बहुतेक वेळा त्याचा नसतो. खरं नागकेशर हे पिवळट-तपकिरी, केसांच्या गुंत्यासारखं दिसतं आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला थोडा जाड परागकोश असतो. आपल्या मसाल्यात पडतात ते मात्र मिऱ्याएवढे, देठ असलेले गोल दाणे. ते तांबूस-तपकिरी असतील तर सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या समजा. सिंधुदुर्गात वेंगुर्ला-शिरोड्याकडे जिचे गजरे होतात तीच सुरंगी. तिथे कळ्या गोळा करून वाळवतात आणि व्यापारात त्यांना 'तांबडं नागकेशर' म्हणतात. आणि दाणे काळसर, बुडाशी वाटीसारखा पेला, चोळल्यावर दालचिनीचा वास असे असतील, तर ती दालचिनीच्या गोतातल्या झाडांची कच्ची फळं. त्यांचं नाव 'काळं नागकेशर'.

घरच्या घरी बघायचं तर दाणा कोमट पाण्यात भिजवा आणि सुईने सोला. सुरंगीची कळी असेल तर बाहेरचं कवच दोन शकलांत सुटतं आणि आत पुंकेसर ठासून भरलेले दिसतात. फळ असेल तर आत फक्त एक बी.

सुरंगीला नकली म्हणून हिणवू नये, असं मला वाटतं. ती नागचाफ्याच्याच कुळातली, फूल तसंच चार पाकळ्यांचं, पुंकेसरांचा झुबकाही तसाच. चटणीला चव नि वास हवा असतो, तो त्या कळ्या देतात, आणि आपल्याकडच्या कित्येक घरांची चव त्यावरच बेतलेली आहे. स्वयंपाकात त्याला नागकेशर म्हणणं हा आता रूढ अर्थ झाला, आणि रूढ अर्थाला शब्दकोशात जागा असते. औषधाची गोष्ट वेगळी. वैद्याने चूर्णात नागकेसर लिहिलं असेल तर मसाल्याच्या डब्यातून काढून देऊ नका, तिथे पुंकेसरच हवेत.

खरा नागचाफा पाहायला राधानगरीला जाऊ का, असंही ताईंनी जाता जाता विचारलंय. राधानगरी-दाजीपूरच्या रानाची ओळख आहे अंजनी, जांभूळ आणि पिसा या तिघांवरून. गगनबावड्याकडे पाऊस कोसळतो खरा, पण त्यानंतरचे कोरडे महिने फार लांबतात, आणि नागचाफा तर सतत पावसाच्या रानातला. नागचाफ्याची भरदार जंगलं दक्षिणेकडे, केरळ-तमिळनाडूच्या घाटांत आहेत. तिथल्या रानाचा एक प्रकारच कुलेनिया, मेसुआ आणि पालाक्वियम या तीन झाडांच्या नावाने ओळखला जातो. जंगलात मार्च-एप्रिलमध्ये तांबडी पालवी दिसली म्हणून लगेच नागचाफा समजू नका, ती कितीतरी झाडांना येते.

बागेत लावायला हवा असेल तर रोपवाटिकेत 'नागचाफा' एवढंच सांगून भागणार नाही, पुन्हा प्लुमेरियाच हातात पडेल. 'मेसुआ' म्हणून मागा, मग पान उलटं करून पांढुरकी बाजू बघा, आणि देठ मोडून चीक गळत नाही ना, तेही बघा. घरासमोर जागा ऐसपैस असेल तरच लावा, आणि फुलांची घाई करू नका.