ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांत वाचकांना एवढं काय मिळत होतं?

तुम्ही लिहिलंय की आईच्या कपाटात फडक्यांच्या सात-आठ कादंबऱ्या सापडल्या, एक उघडून बघितली, पण त्या काळी लोक यावर एवढे का लुब्ध होते ते काही उमगलं नाही. मला उत्तर द्यावंसं वाटलं, कारण मी फडके आधी वाचले नाहीत, ऐकले. आजीच्या तोंडून.

आजीचं लग्न 1949 सालचं, सासर कोल्हापूरचं. वाचनालयाचं कार्ड आजोबांच्या नावावर, पुस्तक तेच आणायचे आणि वाचायची आजी. दुपारी जेवणं उरकली की सोप्यात तांदूळ निवडायला बसायचं आणि सुपाशेजारी पुस्तक उघडं ठेवायचं, असा तिचा शिरस्ता. तिच्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. सुरुवातीला त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग एके दिवशी म्हणाल्या, "मनातल्या मनात काय वाचतीस, मोठ्यानं वाच की." तेव्हापासून रोज एक प्रकरण. आणि प्रकरण संपलं की ठरलेला प्रश्न, "मग त्या पोरीचं पुढं काय झालं गं?" आजी सांगायची, की या एका प्रश्नामुळे सासू-सुनेत बोलणं सुरू झालं. तोवर स्वयंपाकाखेरीज दुसरा विषयच नव्हता.

'पुढं काय झालं' हा प्रश्न वाचकाच्या मनात पेटता ठेवणं, हे फडक्यांनी अगदी ठरवून कमावलेलं कसब होतं. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. पहिली कादंबरी 'अल्ला हो अकबर' 1917 सालची, मेरी कॉरेली या त्या वेळच्या तुफान खपणाऱ्या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवर बेतलेली. पुढे 1931 मध्ये त्यांनी 'प्रतिभासाधन' लिहिलं. कथा-कादंबरीचं तंत्र असतं, कथानक कसं बांधायचं, गुंता कुठे वाढवायचा आणि कुठे सोडवायचा याचा अभ्यास करता येतो, अशी त्यांची भूमिका होती. यावर टीका खूप झाली. पण तुमच्या हातातली कादंबरी एकदा कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. वाक्यं अडत नाहीत, संवाद जिभेवर सहज येतात आणि प्रकरण नेमकं अशा ठिकाणी थांबतं की ऐकणारा उठत नाही. मराठी गद्याला हा हलकेपणा देण्यात फडक्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि आपण तो विसरत चाललोय याचं मला वाईट वाटतं.

पण नुसत्या तंत्रावर माणसं चाळीस-पन्नास वर्षं वाचत नाहीत. मुलींच्या लग्नाचं वय किमान चौदा करणारा शारदा कायदा 1929 सालचा, आणि फडक्यांची 'दौलत'ही 1929 सालचीच. चौदाव्या वर्षी तरी लग्न करावं की नाही यावर घराघरांत वाद चालू असताना हा माणूस शिकलेल्या, चारचौघांत मत मांडणाऱ्या आणि आपला जोडीदार आपण निवडू पाहणाऱ्या नायिका लिहीत होता. आज आपल्याला त्या नायिका बाहुलीसारख्या सुंदर आणि जरा गुळगुळीत वाटतात. आजीला तसं वाटलं नाही. तिला मुलगा दाखवला तो चहाच्या कपबशा देताना, खाली मान घालून. कुणीतरी मुलीला 'तुला काय वाटतं?' असं विचारतो, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते फडक्यांच्या पानावर.

आणि हे नुसतं गुलाबी स्वप्न नव्हतं. संततिनियमन हा शब्द उच्चारायलाही लोक कचरत होते, तेव्हा फडक्यांनी त्या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते 1927 साली निघालं, आणि त्याला प्रस्तावना होती अमेरिकेत या चळवळीचं नेतृत्व करणाऱ्या मार्गारेट सँगर यांची. म्हणजे स्त्रीपुरुष संबंधांबद्दल ते कादंबरीत सूचकपणे लिहीत होते तेवढंच त्यांना म्हणायचं होतं असं नाही. विचार पक्का होता. फडक्यांना 'रंजनवादी' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हा धागा सोडून दिला, असं माझं मत आहे.

खांडेकरांशी त्यांचा वाद तुम्ही ऐकला असेलच. कलेसाठी कला की जीवनासाठी कला? गंमत म्हणजे 1938 मध्ये खांडेकर शिरोड्याहून कोल्हापूरला आले, तेव्हा फडके तिथेच होते. वादाची दोन्ही टोकं एकाच गावात नांदत होती. आजी दोघांच्याही कादंबऱ्या वाचायची. मी एकदा विचारलं, तुला कोण जास्त आवडायचं? ती म्हणाली, "खांडेकर वाचले की रडू यायचं. फडके वाचले की उठून केस विंचरावेसे वाटायचे." समीक्षेची बरीच पुस्तकं मी नंतर वाचली, पण फडक्यांच्या आकर्षणाबद्दल याहून खरं काही सापडलं नाही.

त्यांच्या उणिवा मला दिसतात. सगळी पात्रं एकाच थरातली, पांढरपेशी. पोटाची चिंता सहसा कुणाला नाही. स्वातंत्र्याचा लढा येतो, पण पुष्कळदा मागच्या पडद्यासारखा. योगायोग तर विचारू नका. सत्तरहून जास्त कादंबऱ्या लिहिल्यावर साचा दिसणारच, आणि उत्तरार्धातल्या काही मला पूर्ण करवल्या नाहीत. 1940 च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, 1962 मध्ये पद्मभूषण, असा मान मिळूनही नंतरच्या पिढीने त्यांच्याकडे पाठ फिरवली, त्याला हा साचाही कारण असावा.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आमच्या घरी त्यांची एक कादंबरी होती, वाचनालयाने काढून टाकलेली, आजोबांनी विकत घेतलेली. बांधणी इतकी घट्ट की ओळींची शेवटची अक्षरं शिवणीत गेलेली. ती वाचायची तर पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावं लागे. आणि शेवटची सहा पानं गायब. तो शेवट मला आजीने तोंडी सांगितला: नायिका लग्नाला होकार देते, पण आधी बी.ए.ची परीक्षा द्यायला पुण्याला जाते, आणि नायक तिला स्टेशनवर सोडायला येतो. आजी तो प्लॅटफॉर्मसुद्धा वर्णन करून सांगायची.

आजी गेल्यावर काही वर्षांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला त्याच कादंबरीची अख्खी प्रत मिळाली. तिथेच उभ्या उभ्या शेवट वाचला. त्यात परीक्षा नव्हती, स्टेशन नव्हतं. लग्न ठरतं आणि कादंबरी संपते. (कोणती ते सांगत नाही, कदाचित तुमच्या कपाटात असेल.) आजीचं शिक्षण मॅट्रिकच्या आधीच थांबवलं होतं.

तुम्ही सुरुवात 'दौलत'पासून करा. ती जमली तर मग त्यांचे लघुनिबंध वाचा, 'गुजगोष्टी' या नावाने निघालेले. त्यांत फडके जास्त मोकळे आहेत. आणि आई असेल तर एखादं प्रकरण तिच्याकडूनच वाचून घ्या. कपाटात एवढी वर्षं जपून ठेवलेल्या पुस्तकांचा शेवट तिला काय आठवतो तेही विचारा.