संभावना, शक्यता आणि पोबारा

इंदूरच्या रामबागेतल्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, चौथीच्या मराठी मुलांना नाणी आणि फासे हाती देऊन गणितातला हा भाग शिकवताना ‘संभावना’ म्हणावे, ‘शक्यता’ म्हणावे, की ‘संभाव्यता’. मुलांच्या शाळेत वरच्या वर्गांच्या हिंदी पुस्तकांत ‘प्रायिकता’ हा शब्द आहे. आणि त्यांच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत असे की, ‘संभावना’ हा शब्द संस्कृत असल्यामुळे हिंदीत चालतो तसा तो मराठीतही चालला पाहिजे.

तो चालू नये. ‘आज पाऊस पडण्याची संभावना आहे’ हे वाक्य राजवाड्यापासून राजेंद्रनगरपर्यंत मराठी घरांतून ऐकू येते आणि दर वेळी कानाला खटकते. मराठीत संभावना होते ती माणसाची. विद्वानाला शालजोडी आणि दक्षिणा देऊन त्याची संभावना करतात, ज्याचा असा मान राखावा तो ‘संभावित’ गृहस्थ, आणि पुढे उपरोधाने हाच शब्द उलटून ‘ढोंगी अशी त्याची संभावना केली’ असेही आपण म्हणू लागलो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ‘संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते’ या चरणातला संभावित तो हाच. संस्कृतात या शब्दाला तर्क, अटकळ असाही अर्थ आहे हे खरे, कारण संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने उत्प्रेक्षा अलंकाराची व्याख्या करताना ‘संभावन’ याच अर्थाने योजले आहे. परंतु एकाच शब्दाच्या दोन अर्थांपैकी एक हिंदीने ठेवला आणि दुसरा मराठीने, असे घडलेले असताना मूळ एक म्हणून अर्थही एकच असला पाहिजे, हा त्या सहकाऱ्यांचा आग्रह मुळीच टिकणारा नाही. त्या न्यायाने ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, असेही मराठी मुलांना शिकवावे लागेल.

‘शक्यता’ आणि ‘संभाव्यता’ यांच्यातला फरक थोडक्यात सांगता येतो. एखादी गोष्ट घडू शकते, एवढेच सांगायचे असेल तेव्हा शक्यता. ती किती प्रमाणात घडू शकते याचे ० ते १ यांमधले माप सांगायचे असेल तेव्हा संभाव्यता, जी महाराष्ट्रात दहावीच्या बीजगणितात येते. चौथीत मात्र या दोन्ही नामांच्या आधी मराठीची ‘च’ आणि ‘ही’ ही दोन एकाक्षरी अव्यये हाताशी घ्यावीत, असे मी आग्रहाने सांगेन. ‘पडेलच’, ‘पडेलही’ आणि ‘पडणारच नाही’ हे तीन प्रयोग मूल शाळेत येण्याआधीपासून बिनचूक वापरत असते, आणि निश्चित, शक्य व अशक्य या तीन पायऱ्या त्यांत आयत्या मिळतात. त्यांच्यामध्ये ‘कदाचित’ आणि ‘बहुधा’ बसवावेत. हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरण्याची खोड मोठ्यांनाही असते. वास्तविक ‘बहुधा’मध्ये बहुतेक वेळा घडण्याचा भरवसा आहे आणि ‘कदाचित’मध्ये, म्हणजे कदा-चित्, केव्हातरी एखाद्या वेळी, तो नाही.

नाण्याऐवजी कवडी घ्यावी, असेही सुचवतो. छापा आणि काटा समसमान असतात, त्यामुळे ‘बाजू दोन, म्हणून शक्यता निम्मी-निम्मी’ हा मुलांच्या मनातला सर्वांत चिवट गैरसमज नाण्यामुळे उलट पक्का होतो. कवडीलाही पडण्याच्या रीती दोनच, उपडी आणि उताणी, पण तिची पाठ फुगीर आणि पोट चपटे. मुलांनी आधी अंदाज सांगावा, मग कवडी पुन्हा पुन्हा टाकून दोन रकान्यांत रेघा मारत जावे, म्हणजे दोन रीती सारख्याच वेळा येतील असे धरून चालता येत नाही, हे त्या रेघांवरून त्यांचे त्यांनाच कळते.

आता फाशांकडे येतो, कारण इंदूरच्या मुलांजवळ असा एक शब्द आहे की तो दोन्ही कानांनी वेगवेगळा ऐकू येतो. शेजारच्या हिंदी घरात कोणाचे नशीब उघडले की ‘पौ बारह हो गए’ असे म्हणतात, आणि मराठी घरात मांजर दूध पिऊन पळाले की त्याने ‘पोबारा केला’. शब्द एकच आहे. सारीपाटाच्या तीन फाशांपैकी एकावर एक आणि उरलेल्या दोहोंवर सहा-सहा, म्हणजे पौ (एक) आणि बारा, पडले की ते दान पोबारा. हिंदीतून शब्द उचलताना मराठीने अर्थ बिघडवला, असे सांगणारे भेटतात. ते मला अजिबात मान्य नाही. माझे मत असे की, या दानावर तेरा घरे उडी घेऊन सोंगटी पाठलाग करणाऱ्याच्या टप्प्यातून निसटते, तेव्हा हिंदीने खेळणाऱ्याचा आनंद पाहिला आणि मराठीने सोंगटीची धाव पाहिली. दोन्ही अर्थ पटावरच जन्मले आहेत, आणि ‘पळ काढणे’ या अर्थात पटावरची हालचाल अधिक शिल्लक आहे.

या दानाचे गणितही चौथीच्या मुलांना बोटांवर करता येते. सारीपाटाचे फासे लांबट, चार बाजूंचे, १, २, ५, ६ अशा खुणांचे असतात, म्हणून तीन फाशांची एकूण दाने ४ × ४ × ४ म्हणजे ६४ होतात. एकाची खूण पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या फाशावर येऊ शकते, म्हणून पोबारा ३ रीतींनी पडतो. तेरा ही बेरीज ६, ५, २ यांचीही होते, पण तीन खुणा वेगवेगळ्या असल्यामुळे ते दान ६ रीतींनी, म्हणजे पोबाऱ्याच्या दुप्पट वेळा यावे. फासे तीन रंगांचे घेतले तर या सगळ्या रीती मुलांना पाटीवर मांडता येतात. आणि ६४ पैकी ३ हे त्यांनी स्वतः मोजून काढले की, या मापाला वरच्या वर्गात संभाव्यता म्हणतात, एवढे त्या वेळी सांगावे.