पायलट-केबिन क्रूचा एकत्र आणीबाणी सराव: दार बंद ठेवून घ्या

पायलट आणि केबिन क्रू यांच्या एकत्र सरावासाठी एकच दिवस मिळतोय, त्यात काय घ्यावं, असा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: व्याख्यानं तासाभरात उरका, उरलेला दिवस कॉकपिटच्या बंद दारातून इंटरफोनवर (विमानातल्या अंतर्गत फोनवर) बोलण्याला द्या. आग विझवणं, दार उघडणं हे ज्याने त्याने आपापल्या वर्गात केलेलं असतं. माहिती हरवते ती दोघांच्या मधल्या दारापाशी.

८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमधल्या केगवर्थच्या विमान अपघातात नेमकं तेच झालं. बोइंग ७३७-४०० चं डावं इंजिन बिघडलं होतं आणि पायलटांनी उजवं बंद केलं. कॅप्टनने घोषणेतही उजवंच सांगितलं. मागे बसलेल्यांना आग डावीकडे दिसली होती, पण ते पुढे कोणीच कळवलं नाही. ४७ जणांचा जीव गेला.

म्हणून पहिला प्रसंग इंजिनाचाच घ्या. क्रूने सांगायचं: काय दिसतंय, कोणत्या रांगेजवळ, कोणत्या बाजूला, धुराचा रंग कसा, वाढतोय की कमी होतोय. "मागे धूर आहे" एवढ्यावर पायलटला काही ठरवता येत नाही. शेपटीकडे तोंड करून जंपसीटवर (क्रूच्या घडीच्या सीटवर) बसलेल्याची डावी-उजवी हमखास उलटते, त्यामुळे बाजू नेहमी विमानाच्या नाकाकडे तोंड आहे असं धरूनच सांगायची. हे दहा वेळा म्हणवून घ्या.

दुसरा प्रसंग निट्स ब्रीफिंगचा: काय झालंय, काय करणार, किती वेळ आहे, खास सूचना काय. पायलटने हे ऑक्सिजन मास्क लावून बोलायचं, कारण मास्कमधून अर्धे शब्द कळत नाहीत हे तेव्हाच लक्षात येतं. क्रूने लिहून घेऊन परत वाचून दाखवायचं. "दहा मिनिटं" म्हणजे कधीपासून, यावर इथे हटकून गोंधळ होतो. दोघांनी घड्याळं जुळवायलाच हवीत.

सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्याला द्या: विमान थांबलंय, बाहेर आग आहे आणि कॉकपिटमधून आवाज नाही. २८ ऑक्टोबर २०१६ ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर बोइंग ७६७ च्या उजव्या बाजूला आग लागली होती. डावं इंजिन चालू असतानाच त्या बाजूने प्रवासी बाहेर पडू लागले आणि जेटच्या झोताने एक जण गंभीर जखमी झाला. क्रूने दार उघडण्याआधी बाहेर पाहायचं: आग आहे का, इंजिन फिरतंय का. आग, पाणी, मोडतोड किंवा न आवरणारा धूर असेल आणि पुढून उत्तर नसेल, तर क्रूने प्रवाशांना बाहेर काढायला स्वतः सुरुवात करायची. ही मर्यादा तुमच्या मॅन्युअलमधल्या शब्दांतच शिकवा.

मग जागा बदला. क्रूला कॉकपिटमधल्या मागच्या निरीक्षक सीटवर बसवून पार्किंग ब्रेक, इंधन बंद, फायर हँडल हा क्रम पाहू द्या, म्हणजे पुढून उत्तर का येत नव्हतं ते कळेल. पायलटला मागच्या दाराजवळच्या जंपसीटवर बसवा आणि केबिनमध्ये आरडाओरडा चालू असताना इंटरफोनवर स्वतःचीच सूचना ऐकू द्या.