शेवळाची भाजी खाल्ली की घसा खवखवतो, काय चुकतं?

शेवळं ही रानभाजी, सुरणाच्याच कुळातली. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून वरची पात सोलायची आणि आतल्या दांड्याचा खालचा पिवळा दाणेदार भाग न विसरता काढून टाकायचा. सगळ्यात जास्त खाज तिथेच. चिरताना हाताला तेल लावा.

मग आंबट हवंच. ठाणे-पालघरकडे जूनमध्ये शेवळं विकणाऱ्या आदिवासी बायका सोबत काकडं देतात, ती आंबट हिरवी फळं. ती नक्की घ्या, ठेचून रस भाजीत घाला. नसतील तर चिंचेचा घट्ट कोळ. भाजी भरपूर शिजू द्या, अर्धी कच्ची अजिबात नको. आणि रानातून स्वतः खुडणार असाल तर ओळखणारं माणूस बरोबर असल्याशिवाय कृपा करून खुडू नका.