दहावीच्या मुलांची भीती घालवायला अर्ध्या तासाचे ऑनलाईन 'माइंडसेट' कार्यक्रम खरंच उपयोगी पडतात का?

तुम्ही लिहिलंय, मुलगा दहावीत आहे, चाचणीच्या दिवशी सकाळी उलट्या करतो, आणि पुढे लिहिलंय, "तसा तो पहिल्यापासून भित्र्याच स्वभावाचा आहे." प्रश्न वाचून मी पुढे गेलो असतो. या वाक्यापाशी अडकलो.

मी डॉक्टर नाही. अमळनेर तालुक्यात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. पण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय.

माझे मोठे भाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणतो, गणिताचे मास्तर. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. पाहुणे आले की मला ओट्यावर उभं करून सतराचा पाढा म्हणायला लावायचे. सतरा चोकपर्यंत मी यायचो, मग जीभ टाळूला चिकटायची. एकटा असताना हाच पाढा मी उलटाही म्हणत असे, पण ते कोण ऐकतो! नाना पाहुण्यांकडे बघून म्हणायचे, "भित्रा शे भो हाऊ. सभावले काय औषध ऱ्हास?" (भित्रा आहे हा, स्वभावाला काय औषध असतं?) पाहुणे हसायचे, चहा यायचा. दहावीला मला 71 टक्के होते, आणि त्या काळात ते कमी नव्हते. तरी आयटीआयला घातलं, कारण "तोंडी परीक्षेत याचं तोंड उघडायचं नाही." आयटीआयचं मला दुःख नाही, त्यावरच घर उभं राहिलं. पण घातलं त्याचं कारण अजून खुपतं.

आता मुलीचं. नववीत होती. चाचणी आली की आदल्या रात्रीपासून पोटात कळ, सकाळी उलटी. अमळनेरला दाखवलं, मग धुळ्याला सोनोग्राफी केली, सगळं साफ. आईने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. एका गृहस्थांच्या दोन दिवसांच्या शिबिरातही घातलं, साडेतीन हजार रुपये भरून. तिथे शंभर पोरांना "मी वाघ आहे" असं ओरडायला लावलं. पोरगी घरी आली ती घसा बसवून, आणि सोमवारी पुन्हा उलटी.

त्याच वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना आले. रसाच्या ताटावर बसले आणि तिच्यासमोरच म्हणाले, "बापवर गयी. सभावले औषध नही." पोरीने पुरणपोळी तशीच ठेवली. मी काही बोललो नाही.

गंमत म्हणजे तुम्ही विचारता तसला 'माइंडसेट' कार्यक्रम पाठवला नानांच्याच मुलाने. तो पुण्याला शिकतो. इंग्रजीत होता, फुकट होता, अर्ध्या तासाचा. मुलीने दुकानात माझ्या फोनवर केला, अडेल तो शब्द शोधत, म्हणून तासभर लागला. मी शेजारी स्टेटरमधून जळकी तार ओढत होतो. त्यात श्वासाचे व्यायाम बियाम काही नव्हतं. मेंदू या वयात सारखा बदलत असतो, लाजाळूपणा-घाबरटपणा हा कपाळावरचा शिक्का नव्हे, एवढंच साध्या भाषेत सांगितलेलं. मग थोड्या मोठ्या मुलांचे अनुभव. आणि शेवटी एक काम: तुझ्यासारख्याच एखाद्या लहान मुलाला पत्र लिही, त्याला समजाव. माझ्या मते सगळा जीव या शेवटच्या कामात आहे. दुसऱ्याला समजावताना आपलं आपल्याला ऐकू येतं.

तिने ते वहीत मराठीत लिहिलं. वही दुकानातच राहिली आणि मी वाचली (वाचायला नको होती, कबूल). "तुझं पोट दुखेल. माझंही दुखतं. दुखलं तरी पेपर लिहिता येतो. तुला कोणी भित्री म्हणालं तर तो त्या माणसाचा अंदाज आहे, तुझं नाव नाही." त्या दिवशी एक मोटर मी उलटी बांधली.

फरक पडला का? पोट अजून दुखतं. पण शाळा बुडवणं थांबलं, आणि दहावीचे सगळे पेपर तिने दिले. मधे तिने वर्गशिक्षिकेला स्वतः सांगितलं की मला दाराजवळ बसवा. हे त्या कार्यक्रमामुळे की वय वाढल्यामुळे, छातीठोक सांगता येणार नाही.

अशा कार्यक्रमांवर शास्त्रीय अभ्यास झालेत. नानांच्या मुलाने समजावून सांगितले. अमेरिकेत जेसिका श्लायडर आणि जॉन वाइस यांनी 2018 साली 12 ते 15 वयाच्या 96 मुलांवरचा प्रयोग छापला. अर्ध्या तासाचा असाच एक कार्यक्रम, आणि नऊ महिन्यांनी पुन्हा तपासणी. नुसतं मन मोकळं करायला सांगणारा दुसरा कार्यक्रम केलेल्या मुलांपेक्षा या मुलांची उदासी जास्त कमी झाली. भीतीचं मात्र ऐकण्यासारखं आहे: आईबाप म्हणाले कमी झाली, पण मुलांच्या स्वतःच्या उत्तरांत तसा खात्रीचा फरक निघाला नाही. मग करोनात 2,452 मुलांवर मोठा प्रयोग झाला, 2022 साली छापला. तिथेही तीन महिन्यांनी उदासीत फरक होता, पण लहान. म्हणजे साडेतीन हजारांची जाहिरात "एका सत्रात भीती गायब" म्हणत असेल तर ती थाप आहे.

माझ्या धंद्यात सांगायचं तर, घरची सिंगल फेज मोटर हूं हूं करते आणि फिरत नाही, तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं जळाली. पुष्कळदा नुसतं कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा झटका देणारा छोटा भाग, गेलेलं असतं. नवं टाकलं की उचलते. पण वायंडिंगच जळालं असेल तर दहा कंडेन्सर टाकून काही होत नाही. हा कार्यक्रम म्हणजे कंडेन्सर.

त्यामुळे हे आधीच लिहायला हवं होतं: मुलगा जेवत-झोपत नसेल, शाळेत जाणं बंद झालं असेल, जीव देण्याचं काही बोलत असेल तर कार्यक्रमाच्या भानगडीत पडू नका. सरळ मानसोपचार तज्ज्ञ गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. आणि उलट्या भीतीच्याच आहेत हे आधी डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या.

बाकी अर्धा तास जाईल, करू द्या. फक्त फुकटचा करा, मुलाच्या खांद्यावरून वाकून बघू नका, आणि नंतर "झाला का बरा?" विचारू नका. आणि ते "पहिल्यापासून भित्रा" त्याच्यासमोर म्हणत असाल तर आजपासून बंद. त्याने अर्धा तास एक ऐकायचं आणि वर्षभर ताटावर दुसरं, यात कोण जिंकणार?

हे मी नानांना अजून सांगितलेलं नाही. ते आता सत्तरीला आलेत, आणि इथे ते काही वाचत नाहीत.