लाल रेघा

"मॅडम, माझं चालणं भिंतीवर लावलंय," समुपदेशनाला माझ्याकडे आलेल्या सिस्टर खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

खासगी रुग्णालय, मेडिकल वॉर्ड, बावीस वर्षांची नोकरी, आता इन्चार्ज. दोन महिन्यांपूर्वी व्यवस्थापनाने 'लीन' आणलं, म्हणजे कामात वाया जाणारा वेळ आणि फेऱ्या शोधून कमी करायची पद्धत. वही-घड्याळ घेऊन एक मुलगा मॉर्निंग ड्यूटीभर त्यांच्या मागे फिरला आणि वॉर्डाच्या नकाशावर त्यांची प्रत्येक फेरी लाल रेघेने काढली. तेव्हापासून पहाटे तीनला जाग आणि डोक्यात एकच: "माणसं कमी करणार. नाहीतर पावलं कशाला मोजतील?"

ही भीती मी लॅबवाल्यांकडून, मावश्यांकडूनही ऐकते. 'उगाच घाबरता' असं मी म्हणत नाही, कारण लीनचं नाव घेऊन कपात करता येते. पण पद्धत मुळात तशी नाही. ती टोयोटाच्या कारखान्यातून आली. तिथे काही बिघडलेलं दिसलं की साधा कामगारही दोरी ओढून काम थांबवायला लावू शकतो. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००२ मध्ये हीच पद्धत घेतली. रुग्णाला धोका दिसला तर कुठल्याही कर्मचाऱ्याने इशारा द्यायचा, आणि या सुधारणांपायी कुणाची नोकरी जाणार नाही, असा शब्दही व्यवस्थापनाने दिला.

"आम्हाला कुठे कोणी शब्द दिलाय?" सिस्टर म्हणाल्या. बरोबरच होतं. हा प्रश्न पहाटे तीनला स्वतःला विचारण्यापेक्षा सकाळी दहाला साहेबांना विचारायचा, एवढंच त्या दिवशी ठरलं.

पुढच्या भेटीत त्यांनी नकाशाचा फोटो आणला. सगळ्यात दाट रेघा शेजारच्या वॉर्डाकडे, इन्फ्युजन पंप, म्हणजे सलाइनमधून औषध मोजून देणारं यंत्र, आणायला.

"यात तुम्ही आळशी कुठे दिसता?" मी विचारलं.

बराच वेळ गप्प. मग एकदम म्हणाल्या, "पंप आमच्याकडे ठेवा म्हणून पाच वर्षं ओरडतेय मी! घड्याळवाला पोरगा आला तेव्हा पटलं?"

भीतीच्या खाली हा राग होता. तो बाहेर पडायला अख्खं सत्र गेलं, आणि मी तो आवरायला सांगितलं नाही.

दुसरा घाव बारीक होता. 'वाया गेलेला वेळ' या रकान्यात सात मिनिटं लिहिली होती, एका आजोबांच्या कॉटपाशी बसलेली. "रात्रभर घाबरले होते हो ते." मी म्हटलं, लीनमध्ये मोल ठरतं रुग्णाच्या बाजूने. तेव्हा त्यांच्याच नियमाने पोराचा रकाना चुकलाय. सिस्टर पहिल्यांदा हसल्या.

आता पंप वॉर्डात आलेत. वाचलेला वेळ रुग्णांना मिळणार की एक सिस्टर कमी होणार, हे त्यांनी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं. उत्तर आलं, "बघू." झोप आता पहाटे पाचपर्यंत टिकते. आणि भिंतीवरच्या कागदावर त्या सात मिनिटांपुढे त्यांनी निळ्या पेनाने 'रुग्णसेवा' असं लिहून ठेवलंय. अजून कोणी खोडलेलं नाही.