आधी तिचं पत्र येऊ द्या

पत्र : मी केज तालुक्यातला शेतकरी. आम्ही तीनदा नीट दिली, दोन वर्षं लातूरला खोली करून. नंबर लागला नाही. मग मुलीने अंबाजोगाईत झूऑलॉजी घेऊन बी.एस्सी. केली, ती यंदा संपली. आता एक क्लासवाले मेडिकल कोडिंग करा म्हणतात, म्हणजे उपचारांना बिलासाठी ठरलेले आकडे लावायचं काम. सोनोग्राफी-सीटीवर बघून नळी टाकून पू काढतात, त्या प्रोसिजरच्या बिलिंगचा त्यांचा स्पेशल कोर्स आहे. कोड चारच, पाठ केले की झालं. तीन महिने, फी 85 हजार, पुढे घरी बसून काम. मुलीचं पाठांतर चांगलं आहे. स्थळंही येताहेत, त्यामुळे घरबसल्या काम बरं. पण ती हल्ली घरात कुणाशी बोलत नाही. मैत्रीण अंबाजोगाईत सोनोग्राफी सेंटरवर कामाला आहे, रोज एसटीनं तिथं जाऊन बसते. शनिवारी फी भरायची आहे. तिला समजावून सांगा.

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी अडकले. ‘आम्ही तीनदा नीट दिली.’ पैसा तुम्ही उभा केला, रात्री तुमच्याही जागून गेल्या, हे मला मान्य आहे. पण त्या हॉलमध्ये तुमचं लेकरू एकटं बसलं होतं. रविवारची टेस्ट, भिंतीवर लागलेली मार्कांची यादी, मेसचा डबा आणि घरून आलेला ‘किती पडले?’ हा फोन, हे सगळं तिनं एकटीनं काढलं. तीनदा नंबर हुकल्यावर गावात तोंड दाखवायची वेळही तिच्यावरच आली. आता तुम्ही कोर्स ठरवलाय, फीची तारीख ठरवलीय, स्थळं बघताय. आणि तिला समजावण्याचं काम माझ्याकडे दिलंय. तिला काय वाटतं, ते तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात एका ओळीतही नाही.

ती बोलत नाही हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. माझ्या दृष्टीनं पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. तिची झोप लागते का, जेवण जातं का, हे आधी तिच्या आईला विचारा. बिघडलं असेल तर करिअरचं राहू द्या, तिला डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथं मराठीत बोलता येतं. तो नंबर तिलाही देऊन ठेवा.

आता कोर्सचं. मेडिकल कोडिंग हे खरं काम आहे, त्यात मानाची नोकरी आहे आणि झूऑलॉजी झालेल्या मुलीला ते करता येतं. चुकीची आहे ती ‘चार कोड पाठ केले की झालं’ ही समजूत. अमेरिकेतल्या सीपीटी या उपचारांच्या कोडयादीत या कामाचे मुख्य कोड खरोखर चार आहेत : त्वचेखालच्या मऊ भागासाठी 10030, यकृत-मूत्रपिंडासारख्या अवयवासाठी 49405, पोटाच्या पोकळीसाठी 49406, आणि तिथंच गुदद्वारातून किंवा योनिमार्गातून गेल्यास 49407. हे पाठ करायला दहा मिनिटं लागतात. पण कोडर दिवसभर जे करतो ते म्हणजे डॉक्टरांचा रिपोर्ट वाचणं. समजा यकृतात पू झालाय. डॉक्टरांनी सोनोग्राफीवर बघत सुई घातली, तिच्यातून तार सरकवली, मग ते पिगटेल म्हणतात ती नळी बसवली, टाका घेतला आणि बाहेर पिशवी जोडली. हा 49405. त्याच पेशंटच्या ओटीपोटातला पू दुसरी नळी टाकून काढला असेल, तर 49406 वेगळा लागतो. एकाच नळीनं जवळचे दोन कप्पे रिकामे केले, तर कोड एकच. सुईनं पू ओढून घेतला आणि आत नळी ठेवलीच नाही, तर या चारांपैकी एकही चालत नाही. पू नसून जलोदराचं पाणी काढलं, तर कोडच निराळा. सोनोग्राफीचे पैसे वेगळे लावले तर तीही चूक, कारण 2014 पासून या कोडांमध्येच ते धरलेले आहेत. म्हणजे नळी ठेवली की नाही, कुठं ठेवली, किती ठेवल्या, हे इंग्रजी रिपोर्टच्या दोन पानांतून शोधायचं असतं. यात पाठांतर कुठं आलं? सीपीसी या कोडरच्या मुख्य परीक्षेला तर कोडची पुस्तकं सोबत न्यायची परवानगी असते : 100 प्रश्न, 4 तास, 70 टक्क्यांना पास.

त्यामुळे नवख्या मुलीला थेट हा ‘स्पेशल’ विषय विकणाऱ्या क्लासवर माझा विश्वास नाही. नळ्या-तारांच्या या प्रोसिजरचं कोडिंग या क्षेत्रात अवघड समजतात. लोक आधी साधे रिपोर्ट करतात, शरीररचना पक्की करतात, मग तिकडे वळतात. सीपीसी पास झाल्यावरही अनुभव दाखवेपर्यंत नावापुढे शिकाऊ म्हणून ‘ए’ लागतो. शिवाय हे कोड अमेरिकेतल्या विम्याच्या बिलांसाठी आहेत. आपल्या जनआरोग्य योजनेत ठरलेली पॅकेजं असतात, तिथं हे चालत नाहीत. नोकऱ्या मुख्यतः हैदराबाद, चेन्नई, पुणे, नवी मुंबईकडे आहेत. नव्या माणसाला सहसा आधी ऑफिसात बसवतात, कारण दुसऱ्याच्या आजाराचे कागद हाताळायचे असतात. तिला एकटीनं हैदराबादला राहू देणार का? ‘लग्नाआधी नाही’ असं उत्तर असेल, तर हा कोर्स तुम्ही नोकरीसाठी घेत नाही आहात, बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून घेताय. त्यासाठी 85 हजार घालवू नका.

एम.एस्सी., बी.एड., एमपीएससी हे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत, ते कुठं पळून जात नाहीत.

मला त्या सोनोग्राफी सेंटरचं कुतूहल आहे. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत. पण घरात गप्प असणारी मुलगी रोज एसटीनं अंबाजोगाईला जाते, म्हणजे तिथं तिला काहीतरी मिळतंय. मैत्रिणीची सोबत असेल, तर तीही आज तिला हवी आहे, ती तोडू नका. कदाचित ती पेशंटशी बोलत असेल. कदाचित टाइप होणारे रिपोर्ट वाचत बसत असेल, आणि तसं असेल तर कोडिंग तिला जमेलही. मशीनची ओढ असेल, तर एक सांगून ठेवते : गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्यामुळे सोनोग्राफी नोंदणीकृत, पात्र डॉक्टरच करू शकतात. मात्र एक्स-रे, सीटी, एमआरआयवर तंत्रज्ञ लागतात आणि त्यासाठी रेडिओग्राफीची पदवी आहे. बारावी सायन्स झालेलंच आहे. पुन्हा काही वर्षं शिकायची तिची तयारी आहे का, हे तिनंच सांगायला हवं.

शनिवारी फी भरू नका. क्लासवाले ‘शेवटची सीट’ म्हणतील, म्हणू द्या. तिला शाळेतल्या शरीरशास्त्राचं पुस्तक आणि कुठलाही एक इंग्रजी रिपोर्ट, पेशंटचं नाव खोडून, आठवडाभर वाचून बघू दे. कंटाळा येतो की ओढ लागते, ते तिला कळेल.

आणि मला एक पत्र तिच्याकडून हवंय. तिनं लिहावं, तुम्ही वाचू नये, पाकीटही तिनंच चिकटवावं.